कॅप्टनची सही

११ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. कारण घरात माझं पूर्ण वाक्य कुणी ऐकून घेत नाही. वहीला निदान मध्ये बोलता येत नाही.

मंडळाच्या सभेत आज अपमान. मंडळ म्हणजे जुन्या वस्तू जमवणाऱ्यांचं. अध्यक्षाचं चष्म्यांचं दुकान आहे, म्हणून मी त्याला मनातल्या मनात भिंगवाला म्हणतो. मी माझ्या कब्जाच्या काळातल्या नोटा टेबलावर मांडल्या. युद्धात परकं सैन्य इथे येऊन बसलं, त्यांनी स्वतःच्या नोटा छापून लोकांच्या गळ्यात मारल्या, ते गेल्यावर त्या रद्दी झाल्या, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तरी मी नीट समजावून सांगत होतो. भिंगवाला मध्येच म्हणाला की अशा नोटा पोत्याने पडल्यात, त्यावर त्या काळातल्या कुणा माणसाची सही असेल तर गोष्ट वेगळी. आणि पुढच्याचं नाव पुकारलं. पुढच्याने बाटल्यांची बुचं आणली होती. बुचं! त्याला टाळ्या.

संकल्प: यापुढे फक्त सहीच्या नोटा. एप्रिलच्या प्रदर्शनात भिंगवाल्याचे दात घशात.

१३ फेब्रुवारी
हिला बेत सांगितला. ही म्हणाली, आधी बाल्कनीच्या दाराची कडी बसव. कुठे इतिहास, कुठे कडी.

सह्या हा शब्द कानावर पडताच सासूबाई आतल्या खोलीतून भिंत धरत बाहेर आल्या. (मोतीबिंदू. समोरचा माणूस त्यांना आवाजावरून कळतो. वर्षभर आमच्याकडेच आहेत.) नोटांवरच्या सह्या का, असं त्यांनी दोनदा विचारलं. मग भाऊ, लॉरी, पेन्सिल असं काहीबाही सुरू झालं. मी फोनवर होतो. शिवाय तेव्हा त्या अवघ्या दहा वर्षांच्या. दहा वर्षांच्या मुलीच्या आठवणीला पुरावा म्हणत नाहीत.

कडी उद्या.

२४ फेब्रुवारी, दुपारी, ऑफिसात
मिळाली!

जुन्या बाजारात एका जिन्याखाली पत्र्याची पेटी घेऊन नोटवाला बसतो. सहीच्या नोटा हव्यात म्हणून त्याला सांगून ठेवलं होतं. आज त्याने फडक्यात गुंडाळलेली एक काढली. मधोमध निळी, ठसठशीत सही, शेवटी झोकदार फराटा. कब्जेदार सैन्याच्या कॅप्टनची म्हणे. गिऱ्हाइकं पुष्कळ येऊन गेली पण साहेबांसारखी नजर कुणाची नाही, असंही म्हणाला. माणूस जिन्याखाली बसतो, पण पारख आहे त्याला.

एकच खोट. सहीच्या आजूबाजूला पेन्सिलीची गिचमीड. सहा-सात पोरांनी नावं खरडलीत. एकाने नावाच्या शेपटाला गोल काढून आत रेघा मारल्यात. लिंबाची फोड असावी. युद्ध चालू असताना लिंबू काढायला बसलेला मुलगा पुढे काय दिवे लावणार!

आमचा रंगाचा कारखाना. मी शेड सेक्शनचा प्रमुख. पांढऱ्याच्या सगळ्या छटा मी डोळे मिटून ओळखतो. नोट लाइट बूथमध्ये धरली. या पेटीत दिवसाचा, ट्यूबचा, बल्बचा असा हवा तो उजेड लावून रंग तपासतात. कॅप्टन तिन्ही उजेडांत सारखाच करारी. दारात हॉस्पिटलसाठी जाणाऱ्या पांढऱ्या रंगाची बॅच माझ्या सहीसाठी खोळंबली होती. कागद घेऊन आलेला पोरगा सारखा खाकरत होता. दिली सही. कॅप्टनसारखा फराटाही मारला.

२६ फेब्रुवारी
सासूबाईंना नोट हातात हवी. साफ नाही म्हटलं. हाताचं तेल कागद खातं. त्या म्हणाल्या, मग नुसती वाचून दाखवा. वाचून दाखवली: कॅप्टन. आणखी? आणखी काही नाही, गिचमीड आहे. त्या म्हणाल्या, ऑपरेशन झालं, चष्मा आला की मी स्वतः बघेन, चालेल ना जावईबापू? चालेल म्हटलं. माणूस दिवसाला किती गोष्टींना चालेल म्हणतो.

अल्बम कपाटात. किल्ली माझ्या बनियनला सेफ्टी पिनने.

२ मार्च
हिने आज जेवताना मला फैलावर घेतलं. आईचं म्हणणं एकदा तरी नीट ऐक म्हणे. ऐकलं. ते असं:

सासूबाईंचा थोरला भाऊ सायकलच्या दुकानात कामाला. सैन्याने रस्ते बांधायला गल्लीतले तरुण मुलगे लॉरीत भरून नेले. आगाऊ मजुरी म्हणून प्रत्येकाच्या हातात कब्जाची एकेक नोट. तिला बाजारात कुणी विचारत नव्हतं. मग रांगेत उभ्या असलेल्या त्या मुलांनी एकच पेन्सिल फिरवून सगळ्या नोटांवर सगळ्यांनी सह्या केल्या आणि एकेक नोट एकेका घरी ठेवायला दिली. परत कुणीच आलं नाही. सैन्य गेलं, नोटा रद्द झाल्या, एका पावसाळ्यात चूल पेटेना म्हणून सासूबाईंच्या आईने घरातली सगळी रद्दी चुलीत घातली. त्यात तीही गेली. भावाचा फोटो नाही, अक्षर नाही. सहीच्या शेवटी तो सायकलचं चाक काढायचा, एवढं यांना आठवतं. बाकीच्या घरांतल्या नोटा कुठेतरी असतील, असं त्यांना इतकी वर्षं वाटत आलंय.

वाईट वाटलं. मी माणूस आहे. पण लगेच ही म्हणाली, तुझ्याकडच्या नोटांवर चाक आहे का ते बघ. म्हटलं, बाई गं, माझ्या नोटेवर कॅप्टन आहे, गल्लीतली पोरं नाहीत. चाक असतं तर माझ्या नजरेतून सुटलं असतं का? पांढऱ्याच्या छटा ओळखणारा माणूस मी. ही ताटावरून उठली. आमटी मीच वाढून घेतली.

८ मार्च
दुसरी नोट! तोच कॅप्टन! तोच फराटा! नोटवाल्यालाही आश्चर्य वाटलं. एकाच माणसाच्या दोन सह्या म्हणजे ते नाव नव्हे, व्यक्तिमत्त्व आहे. पुस्तिका लिहायला घेतो. ‘कॅप्टन: एक शोध’. अक्षरावरून माणूस कळतो. शिस्तीचा, एकाकी, हाताखालच्यांनी छळलेला. बराचसा माझ्यासारखा.

१५ मार्च
भिंगवाल्याचं मंडळात व्याख्यान. विषय: संग्रहाची निगा. गेलो नाही. बहिष्कार. ज्याला बुचं आणि नोटा यांतला फरक कळत नाही तो मला निगा शिकवणार! घरी बसून पुस्तिकेचं पहिलं पान लिहिलं. कॅप्टनला मिशा दिल्या.

संध्याकाळी बुचंवाल्याचा फोन. व्याख्यान उत्तम झालं म्हणे, सांगू का थोडक्यात. ठेवला फोन.

२३ मार्च
तिसरी नोट. कॅप्टन. आता नोटवाला म्हणतो की मला लागतील तितक्या काढून देईल. असा मनापासून काम करणारा माणूस आमच्या कारखान्यात एक नाही.

कडीवरून भांडण. दार रात्रभर आपटतं. बसवतो म्हटलंय ना!

२८ मार्च
काल सासूबाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन, आज पट्टी काढली. सगळं व्यवस्थित. पण पट्टी काढताच त्यांनी विचारलं की भिंत गुलाबी आहे की माझा डोळा अजून बरा व्हायचाय. डॉक्टर म्हणाले, आजी, डोळा ठणठणीत आहे, भिंतच गुलाबी आहे, आम्ही पांढरा मागवला होता, रंगाच्या कंपनीत कुणी आंधळा बसलाय. ही माझ्याकडे बघत राहिली. मी खिडकीतून पार्किंग बघितलं.

दूरचं दिसायला लागलंय, वाचायचा चष्मा महिन्याभराने मिळेल. तो म्हणे भिंगवाल्याकडेच करायचा. गावात दुसरा चष्मेवाला मेलाय का?

३० मार्च
मॅनेजरने मेमो दिला. हॉस्पिटलची बॅच. घाई करून, खाकरून सही घेतली की असंच होणार, असं उत्तर लिहिलं. फाडलं. पुन्हा लिहिलं, त्यात पोरग्याचं खाकरणं कमी केलं. लाइट बूथची किल्ली आता स्टोअरकीपरकडे असणार. ज्याला पिवळा आणि केशरी सारखाच दिसतो, त्याच्याकडे!

५ एप्रिल
प्रदर्शन २६ला. मला दाराजवळचं टेबल दिलंय, चपला काढतात तिथे. भिंगवाल्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला की दाराजवळ उजेड चांगला असतो. या माणसाचं शांत बोलणं मला सहन होत नाही.

१२ एप्रिल, रविवार
सार्थकी लागलेला दिवस.

पहिली नोट उठून दिसत नव्हती. कॅप्टन मध्ये आणि भोवती ती पोरांची गर्दी. शेवटी हिच्या ड्रॉवरमधला मऊ खोडरबर घेतला आणि बसलो जेवणाच्या टेबलाशी. घाई नाही. एकाच दिशेने, हलक्या हाताने. एकेक नाव गेलं. लिंबाच्या फोडीने दम काढला. पोराने जोर देऊन काढली होती, तिथे पुन्हा पुन्हा घासावं लागलं. मान अवघडली. पण कागद काय निघालाय! जसा छापखान्यातून आत्ता आला. कॅप्टनला प्रथमच मोकळा श्वास मिळाला.

सासूबाई शेजारी खुर्चीत बसून होत्या. काय घासताय इतका वेळ, असं त्यांनी विचारलं. घाण, म्हटलं. बरं करताय, म्हणाल्या, जुन्या वस्तू स्वच्छ ठेवल्या म्हणजे टिकतात. रबराचा भुसा झटकायला स्वतःचा रुमाल दिला. हिच्यापेक्षा त्यांना जास्त कळतं, असं मला बऱ्याचदा वाटतं.

१९ एप्रिल
दुसऱ्या दोन नोटाही बघितल्या. एकीवर पेन्सिलीत कुणा बाईने वाणसामान लिहिलं होतं. खोडलं. पुस्तिकेत कॅप्टनला घोडा दिला.

२४ एप्रिल
सासूबाईंचा चष्मा आला. ही आणि त्या दुपारभर भिंगवाल्याच्या दुकानात. काच बसवायला इतका वेळ लागतो? ही म्हणाली, गप्पा झाल्या. आईने त्यांना सगळं सांगितलं, त्यांनी सगळं ऐकलं. ‘सगळं ऐकलं’ हे माझ्याकडे बघून.

घरी येताच सासूबाईंनी नोटा मागितल्या. म्हटलं, आता दोन दिवसांवर आलंय, थेट प्रदर्शनातच बघा, काचेखाली, दिमाखात. बरं म्हणाल्या. नव्या चष्म्यातून त्यांनी घरातलं सगळं वाचून काढलं, कॅलेंडर, औषधाच्या बाटल्या, मिक्सरच्या बुडाचं लेबलसुद्धा. माझं शर्टाचं बटण तुटलंय हेही सांगितलं.

२६ एप्रिल, सकाळी सात
इस्त्रीचा शर्ट. पुस्तिकेच्या पन्नास प्रती. आज बघाच.

२७ एप्रिल
ऑफिसला गेलो नाही. लिहून टाकतो, म्हणजे डोकं शांत होईल.

अकराच्या सुमाराला भिंगवाला सासूबाईंचा हात धरून आला, मागे ही. दारातच माझं टेबल, त्यामुळे सुरुवात माझ्यापासून. मी कॅप्टनबद्दल बोलायला लागलो. भिंगवाल्याने खिशातून भिंग काढलं आणि वाकला. बराच वेळ वाकलेला. मग अगदी हळू, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं विचारलं की ही शाई बॉलपेनची वाटत नाही का. त्या काळी इथे बॉलपेन नव्हतं. सासूबाईही म्हणाल्या की तेव्हा दौत-टाक नाहीतर पेन्सिल, असं पेन त्यांनी लग्नानंतर बघितलं. भिंगवाल्याने आणखी दाखवलं की घडीवर कागद जिथे तडकलाय तिथे शाई तड्यात उतरलीय, म्हणजे नोट जुनी होऊन मोडल्यावर कुणीतरी सही केलीय. तिन्हींवर तसंच.

मी जे बोललो ते लिहीत नाही. त्याच्या दुकानाबद्दल होतं आणि त्याच्या वडलांच्या दुकानाबद्दलही. बुचंवाला आपली बुचं टाकून ऐकायला आला.

भिंगवाला चिडला नाही. तो नोट तिरकी धरून बघत होता. इथे काही खोडलंय का, असं विचारलं. म्हटलं, अर्थात. अख्खा रविवार घातलाय, कचरा होता, पोरांची नावं, सहा-सात. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. हिने तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, बॉलपेनबद्दल.

सासूबाईंनी विचारलं, आणखी काय होतं. म्हटलं, एका नावाच्या शेवटी लिंबाची फोड काढली होती.

त्यांनी विचारलं, रेघा मधून निघालेल्या होत्या का.

हो म्हटलं. मधून निघून कडेपर्यंत.

भिंगवाल्याने त्यांना खुर्ची दिली. हिने पाणी आणलं. चपला काढायला आलेली माणसं आमच्याकडे बघत उभी राहिली. सासूबाईंनी नोट मागितली, मी हातमोजे पुढे केले, सवयीने, आणि मग मागे घेतले. त्यांनी नोट मांडीवर ठेवून तिच्यावरून अंगठा फिरवला. वर बघून म्हणाल्या, साफ मात्र छान केलीत हो.

त्या रागावून बोलल्या असत्या तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

२८ एप्रिल
नोटवाल्याच्या नरडीला हात घालायला गेलो. जिन्याखाली मोजे विकणारा बसलाय. पेटीवाला कुठे गेला ते ठाऊक नाही म्हणाला. मोजे घ्या म्हणाला.

दोष कुणाचा ते एकदा स्पष्ट व्हायला हवं. नोटवाला चोर. भिंगवाल्याला निगेबद्दल इतकं माहीत होतं तर घरी येऊन सांगायचं. रबर हिचा. सासूबाईंनी स्वतः रुमाल दिला.

हे शेवटचं लिहायला नको होतं. पण शाईने लिहिलंय.

२९ एप्रिल
बाल्कनीच्या दाराची कडी बसवली. सासूबाई नेहमीप्रमाणे जेवायला हाक मारतात. जावईबापू, पान वाढलंय. तेवढंच. मी कुणावर तरी ओरडावं म्हणून सबंध घरभर फिरलो, पण कुणी तावडीत सापडलं नाही.

पुस्तिकेच्या प्रती माळ्यावर टाकल्या.

२ मे
भिंगवाल्याच्या दुकानात गेलो. चष्म्याची दांडी सैल झालीय असं सांगितलं. सैल नव्हती. त्याने ती घट्ट केली आणि न विचारता म्हणाला की जोर देऊन लिहिलेल्याचा दाब कागदात राहतो, उजेड अगदी आडवा धरला तर कधी कधी उमटतो. तिथून कारखान्यात जाऊन स्टोअरकीपरकडे बूथची किल्ली मागितली. नाही म्हणाला. बरं म्हटलं आणि घरचा टॉर्च काढला.

दुपारी पडदे ओढले. नोट सासूबाईंच्या हातात दिली, तशीच, मोज्यांशिवाय. मी खाली फरशीवर बसलो आणि टॉर्च कागदाच्या कडेला टेकवून धरला. त्यांनी चष्मा पुसला, वाकल्या, नोट थोडी फिरवली. पुन्हा थोडी. मग म्हणाल्या की हे काय, इथे आहे. चाक. आरेसुद्धा दिसतायत. बोटाने गोल काढून दाखवला. मग बोट सरकवत एकेका मुलाचं नाव घेतलं. हा कोपऱ्यावरच्या शिंप्याचा. हा दूधवाल्यांचा धाकटा. याला पोहता येत होतं. शेवटी भावाचं नाव घेतलं आणि बोट तिथेच ठेवलं.

ही दारात उभी राहून रडत होती. माझा हात भरून आला, पण टॉर्च हलू दिला नाही.

सासूबाईंनी विचारलं, दिसलं ना जावईबापू?

मी आयुष्यभर नजरेची भाकरी खाल्ली. डोळे ताणले. टॉर्च इकडून धरला, तिकडून धरला. हो म्हटलं, दिसलं, स्पष्ट दिसलं.

मला फक्त कॅप्टनची सही दिसत होती.